वायएसआय एक्झो२: लगूनच्या पाण्यात मुक्कामी ठेवायला कसं आहे?

लगूनचं, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ खाऱ्या तळ्याचं, पाणी दुपारी तपासलं तर प्राणवायू हमखास भरपूर दिसतो. शेवाळ आणि पाणगवत उन्हात जोमाने तो सोडत असतात. मासे गुदमरतात ते पहाटे. रात्रभर सगळ्यांचं श्वसन चालू असतं आणि विरघळलेला प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेलेला असतो. म्हणून इथे दर १५ मिनिटांनी नोंद घेत पाण्यातच राहणारं यंत्र लागतं, आणि त्या कामाला वायएसआय कंपनीचं एक्झो२ हे अनेक सेन्सर एकत्र बसवलेलं यंत्र उत्तम आहे. मात्र सेन्सर विचारपूर्वक निवडायला हवेत.

सेन्सरच्या मधोमध फिरणारा ब्रश ही याची सर्वांत मोठी जमेची बाजू. उथळ, कोमट पाण्यात बुळबुळीत थर काही दिवसांतच चढतो. ब्रश तो वेळोवेळी पुसतो. पण त्याच्या केसांत चिखल किंवा तंतुमय शेवाळ अडकलं की तीच घाण सेन्सरच्या तोंडावर फासली जाते आणि गढूळपणाचे आकडे विनाकारण उसळतात. प्रत्येक भेटीत ब्रश धुवा, केस वाकले असतील तर बदला. सोबत तांब्याचं गार्ड लावा.

पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, म्हणजे वाहकता, मोजणारा सेन्सर घेताना ब्रश पोहोचेल असाच घ्या. साध्या प्रकारात पाणी अरुंद पोकळीतून जातं. तिथे बार्नॅकल (चिकटून बसणारा कवचाचा सागरी जीव) बसलं की वाहकता कमी दिसते आणि तिच्यावरून काढलेली क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, हीही कमी निघते. गोष्ट तिथे थांबत नाही. २५ अंश सेल्सिअसला गोडं पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, तर ३५ क्षारतेचं (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) पाणी ६.७ च्या आसपास. ऑप्टिकल सेन्सर मोजतो तो प्राणवायूचा आंशिक दाब. मिलिग्रॅम हे क्षारतेवरून काढलेलं गणित असतं. क्षारता खोटी कमी आली की मिलिग्रॅम खोटे जास्त येतात आणि धोक्याची पहाट सुरक्षित दिसते. संपृक्ततेची टक्केवारी मात्र बरोबर राहते, म्हणून दोन्ही रकाने साठवा.

याच कारणाने कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सरचे आकडे ठरलेल्या प्रमाणाशी जुळवण्याची, सुरुवात वाहकतेपासून करावी. खाऱ्या पाण्यासाठी सेंटिमीटरमागे ५० मिलिसीमेन्स वाहकतेचं प्रमाण द्रावण वापरा. आकडा कमी येत असेल तर आधी सेन्सर हलवून बुडबुडे काढा, मगच नोंद स्वीकारा. प्राणवायूसाठी कॅलिब्रेशनच्या कपाच्या तळाशी जरासं पाणी, झाकण सैल, १० ते १५ मिनिटं थांबणं, आणि त्या जागेचा प्रत्यक्ष हवेचा दाब. हवामान खात्याचा समुद्रसपाटीला आणलेला आकडा नको. सामूसाठी (पीएच) ७ आणि १० चे बफर, म्हणजे ठरलेल्या सामूची द्रावणं, पुरतात. दोन्हींतल्या फरकातून सामूच्या एका अंकामागे ५५ ते ६० मिलिव्होल्ट निघायला हवेत. त्याहून बरेच कमी निघाले तर सामू सेन्सरचं बदलता येणारं टोक, म्हणजे मॉड्यूल, संपत आलं आहे. साधारण वर्ष-दीड वर्षात ते बदलावंच लागतं, तो खर्च आधीच धरा. सामूचं टोक डिस्टिल्ड पाण्यात कधीही ठेवू नका.

अमोनियम आणि नायट्रेटचे आयन सेन्सर लगूनसाठी अजिबात घेऊ नका. सोडियम, पोटॅशियम अमोनियमच्या आकड्यात घुसतात आणि क्लोराइड नायट्रेटच्या. ते गोड्या पाण्यासाठीच आहेत. पोषकद्रव्यांसाठी नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेतच पाठवावा. क्लोरोफिलचा (शेवाळातलं हिरवं द्रव्य) सेन्सर चढउतार छान दाखवतो, पण त्याच्या मायक्रोग्रॅमवर प्रयोगशाळेतल्या तपासणीशी ताडल्याशिवाय विसंबू नये.

चार डी सेलवर ९० दिवस चालतं असं कंपनी सांगते. पण लगूनमध्ये थर इतका वाट पाहत नाही. उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी जावंच लागतं. यंत्र ज्या पाईपमध्ये बसवाल त्याला भरपूर मोठी भोकं ठेवा, नाहीतर आत साचलेल्या पाण्याचंच मोजमाप होतं, आणि सेन्सर तळाच्या गाळापासून ३० सेंटिमीटर तरी वर राहू द्या.

काढल्यावर लगेच घासायला घेऊ नका. आधी लगूनच्याच पाण्याच्या बादलीत आकडा घ्या, मग स्वच्छ करून त्याच बादलीत पुन्हा घ्या: हा फरक थराचा. नंतर प्रमाण द्रावणात जो फरक येतो, तो सेन्सरचा आकडा आपोआप सरकत गेल्याचा. दोन्ही वेगळे लिहिले तरच मागच्या नोंदी दुरुस्त करता येतात.