हाताला सापडणारे बटण : चौदा महिन्यांनंतर आमच्या गाडीचा आढावा

चौदा वर्षे वापरलेली लहान गाडी बाजूला ठेवून आम्ही गेल्या वर्षी एक नवी, उंच बांधणीची, ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेतली. रोज सकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरहून निघून भंवरकुआं, नवलखा आणि पलासिया मागे टाकत मी ती विजयनगरला कामावर नेते आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत आणते. इंजिन, सस्पेन्शन, मायलेज यांबद्दल माझी तक्रार नाही आणि त्यांवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते तिच्या बटणांविषयी: कोणते बटण कुठे बसवले आहे आणि गाडी चालवत असताना, नजर रस्त्यावरून न हलवता, ते हाताला सापडते की नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही त्रुटी आज एकाच कंपनीची राहिलेली नाही.

शोरूममध्ये ही त्रुटी आम्हाला दिसली नाही, हे आधी कबूल करते. मधोमध सव्वादहा इंची पडदा, त्याखाली काळ्या चकचकीत काचेची आडवी पट्टी, पट्टीवर निळसर उजळणारी चिन्हे. सासूबाई, मुलगा आणि मी, तिघेही हरखून गेलो. विक्रेत्याने एकच बोट हलके फिरवून एसीचा पंखा कमीजास्त करून दाखवला. तेव्हा गाडी उभी होती, खोलीतला उजेड मंद होता आणि माझे डोळे मोकळे होते. नवलख्याच्या चौकात यांपैकी काहीही नसते.

जे चांगले आहे ते मनापासून चांगले आहे. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला आवाज वाढवण्या-घटवण्याचे बटण आहे. ते खऱ्या अर्थाने दाबले जाते आणि त्याच्या मधोमध एक बारीक उंचवटा आहे. अंगठा त्या उंचवट्यावर टेकला की वर काय आणि खाली काय हे आपोआप समजते. पहिल्या आठवड्यानंतर मी त्या बटणाकडे एकदाही पाहिलेले नाही. दारावरची काचांची बटणेही तशीच विचारपूर्वक केलेली आहेत. पुढच्या दोन काचांची बटणे पुढे, मागच्या दोन काचांची मागे, म्हणजे गाडीत काचा जशा आहेत तशीच बटणांची मांडणी. काच वर घ्यायची तर बटण वर ओढावे लागते. ही रचना लहान मुलांसाठी आहे: खिडकीतून डोके बाहेर काढून उभ्या असलेल्या मुलाचा गुडघा किंवा कोपर चुकून बटणावर टेकला, तरी काच खाली जाते, वर येऊन मान अडकत नाही. इंडिकेटरची दांडी जुन्या गाडीप्रमाणेच उजवीकडे आहे, त्यामुळे वळण्याआधी चुकून वायपर सुरू होण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही. ज्या युरोपीय गाड्यांत ही दांडी डावीकडे असते, त्या घेणाऱ्या ओळखीच्या मंडळींना पहिला महिनाभर कोरड्या काचेवर वायपर फिरवताना मी पाहिले आहे.

अडचण त्या काळ्या पट्टीपासून सुरू होते. जुन्या गाडीत एसीसाठी तीन गोल नॉब होते: एक गारव्याचा, एक पंख्याचा, एक हवेच्या दिशेचा. प्रत्येक नॉब फिरवताना हाताला खटका जाणवायचा आणि पंख्याचे चार टप्पे चार खटक्यांनी मोजता यायचे. नव्या गाडीत यांच्या जागी सपाट काच आहे. बोट कुठे टेकले आहे हे बोटाला कळत नाही, म्हणून ते डोळ्यांनी पाहावे लागते. आणि दाबले गेले की नाही हेही बोटाला कळत नाही, म्हणून पुन्हा एकदा पाहावे लागते. संध्याकाळी विजयनगरहून परतताना सूर्य समोर असतो. मे महिन्यात त्या वेळी पट्टीवर असा उजेड पडतो की चिन्हे दिसेनाशी होतात आणि दिसतात ते फक्त दिवसभरातले बोटांचे डाग. एसीची सर्वांत जास्त गरज ज्या वेळी असते नेमक्या त्याच वेळी त्याचे बटण सापडत नाही, हे मी पूर्ण उन्हाळाभर अनुभवले.

तरी उन्हाळा निभावला. खरी परीक्षा श्रावणात झाली. आम्ही सासूबाईंना घेऊन ओंकारेश्वरला निघालो होतो. सिमरोल ओलांडेपर्यंत पाऊस रिमझिम होता. भेरूघाटाच्या वळणांवर तो एकदम वाढला. गाडीत चार माणसे, ओल्या छत्र्या, पायाशी ओल्या चपला. पावसाने पुढची काच बाहेरून गार झाली, आतल्या दमट हवेची वाफ तिच्यावर धरू लागली आणि पाहता पाहता माझ्यासमोर दुधी पडदा उभा राहिला. यावर उपाय काय हे मला माहीत आहे: एसी सुरू ठेवायचा म्हणजे हवेतले बाष्प निघून जाते, हवा पुढच्या काचेवर सोडायची आणि आतलीच हवा फिरवण्याऐवजी बाहेरची घ्यायची. जुन्या गाडीत या तिन्ही गोष्टी मी न पाहता करत असे. इथे पुढच्या काचेचा डीफॉगर, म्हणजे काचेवरची वाफ घालवणारी सोय, पडद्यावरच्या दुसऱ्या पानावर आहे. आधी नकाशा बाजूला सारायचा, मग हवामानाचे चिन्ह शोधायचे, मग वाऱ्याच्या दिशेचे. पुढे नारळांनी भरलेला ट्रक, मागे हॉर्न वाजवणारी बस, रस्त्याला उतार आणि माझे डोळे पडद्यावर. हात हलत्या गाडीबरोबर हलत होता, त्यामुळे दोनदा भलतेच चिन्ह दाबले गेले. शेवटी शेजारी बसलेल्या मुलाने रुमालाने माझ्यापुढची काच पुसली आणि त्यानेच डीफॉगर लावला. मी एकटी असते तर काय केले असते, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

घरी परतल्यावर आम्ही घरासमोर उभ्या गाडीत एक साधी चाचणी केली. मी समोरच्या झाडाकडे पाहत बसले आणि मुलाने मोबाइलवर वेळ लावली. तीन कामे: पंखा वाढवणे, काचेवर हवा सोडणे, बाहेरची हवा घेणे. जुन्या गाडीत चार सेकंद लागले आणि नजर एकदाही हटली नाही. नव्या गाडीत अकरा सेकंद लागले आणि नजर पाच वेळा खाली गेली. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. त्या अकरा सेकंदांत ती जवळजवळ १८० मीटर गेली असती.

आमची चाचणी घरगुती होती. २०२२ साली 'व्ही बिलेगारे' या स्वीडिश मोटार मासिकाने ती शास्त्रशुद्ध रीतीने, बंद धावपट्टीवर, ताशी ११० किलोमीटर वेगाने केली. अकरा नव्या गाड्या आणि त्यांच्याबरोबर २००५ सालची, बटणांची व्होल्व्हो व्ही७०. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. तापमान बदलणे, रेडिओ लावणे अशी चार कामे जुन्या व्होल्व्होत १० सेकंदांत आणि ३०६ मीटरांत उरकली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्यांना ४४.९ सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी १३७२ मीटर पुढे गेली होती. राजेंद्रनगरहून पिथमपूर फार दूर नाही. तिथे २०२१ साली सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा गोल ट्रॅक आहे आणि इंदूरकरांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. गाड्यांच्या वेगाचे आकडे जसे जाहिरातीत छापतात, तसे काच स्वच्छ करायला किती सेकंद नजर हटवावी लागते हेही छापले जावे, असे मला तळमळीने वाटते.

दुसरा दोष धोक्याच्या दिव्यांच्या बटणाचा. चारही इंडिकेटर एकदम लावणारे हे बटण त्याच काळ्या पट्टीवर, मुख्य पानावर जाण्याच्या बटणाला अगदी लागून, त्याच मापाचे आणि तसेच सपाट आहे. पडदा दाबताना तळहात टेकून हे दिवे माझ्याकडून किती वेळा लागले असतील याची गणती नाही. आणि पलासियाला पुढची रिक्षा अचानक थांबली, मागच्यांना सावध करणे भाग होते, तेव्हा मात्र मी मुख्य पान उघडून बसले. एकसारखी बटणे शेजारी ठेवल्याने काय होते हे दुसऱ्या महायुद्धातच कळून चुकले होते. अमेरिकेच्या बी-१७ विमानांत चाकांचा आणि फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांचा, असे दोन सारखेच स्विच शेजारीशेजारी होते. धावपट्टीवर उतरल्यानंतर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर आपटे. अल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष दिला नाही. त्यांनी चाकांच्या स्विचवर रबरी चाक आणि फ्लॅपच्या स्विचवर पाचरीचा आकार बसवायला सांगितले, म्हणजे हात लावताच कळावे. आजही विमानांत चाकांच्या दांडीला चाकासारखी गोल मूठ असते. ऐंशी वर्षांपूर्वी शिकलेली ही गोष्ट माझ्या गाडीत विसरली गेली आहे.

हाताची स्मृती किती पक्की असते हे मी घरातच पाहते. सासूबाई बँकेत कॅशियर होत्या. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वरच्या ओळीत असतात आणि फोनवर १-२-३. दोन्ही यंत्रे एवढीशी, आकडे तेच, तरी सुरुवातीला मोबाइलवर न पाहता नंबर लावायला गेल्या की त्यांचा नंबर हमखास चुकायचा. मग त्यांना पाचाच्या बटणावरचा ठिपका सापडला आणि बोटांनी नवी वाट धरली. त्यांचा मिक्सर वीस वर्षांचा आहे. नॉब उजवीकडे फिरवला की एक, दोन, तीन असा वेग आणि डावीकडे फिरवला की धरून ठेवू तेवढाच वेळ फिरणार, सोडला की आपोआप बंद. दाण्याचे कूट करताना त्या डावीकडचाच वापर करतात, कारण मिक्सर सलग फिरला तर दाण्यांना तेल सुटून गोळा होतो. त्या वेळी त्यांची नजर भांड्यातल्या दाण्यांवर असते, नॉबकडे नसते. याउलट मुलाने आणून दिलेल्या इंडक्शनच्या सपाट बटणांना ओला हात चालत नाही. कणीक मळताना दूध उतू जाऊ लागले की आधी हात धुवायचे, मग पुसायचे आणि मग बटण दाबायचे. तोवर दूध ओट्यावर. त्या इंडक्शनवर आता फक्त सकाळचा चहा होतो.

कंपन्या असे का करतात हे समजण्यासारखे आहे. प्रत्येक बटणासाठी वेगळा साचा, वेगळी तार, वेगळी जोडणी लागते. एका पडद्यात सगळे घातले की तो खर्च वाचतो आणि शोरूममध्ये गाडी आधुनिक दिसते. पण वारे बदलत आहे. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या चाचण्यांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचे बटण यांच्यासाठी खरी, हाताने चालवायची बटणे किंवा दांड्या असण्याला महत्त्व दिले आहे. आवाज, पंखा, तापमान आणि धोक्याचे दिवे यांची बटणे परत आणणार असल्याचे फोक्सवॅगनने २०२५ मध्ये जाहीर केले. मी मात्र पंखा आणि पुढच्या काचेचा डीफॉगर यांनाही वायपरच्याच रांगेत बसवेन. आपल्याकडच्या पावसाळ्यात वायपर बाहेरून जे करतो, तेच डीफॉगर आतून करतो.

तोवर मी काय केले तेही सांगते. कपाटाचे दार आपटू नये म्हणून लावतात ते पारदर्शक सिलिकॉनचे फुगीर ठिपके आणले. एक धोक्याच्या दिव्यांच्या बटणाच्या कडेला चिकटवला, दोन पंख्याच्या दोन टोकांना. दिसायला ते चांगले दिसत नाहीत. मुलाला अजून आवडलेले नाहीत. पण बोट ठिपक्यावर थांबते आणि तिथून पुढे किती सरकायचे हे हाताला आता ठाऊक झाले आहे. डीफॉगरला हा उपाय लागू पडत नाही, कारण तो पडद्याच्या आत आहे. म्हणून पावसाची चिन्हे दिसली की मी निघण्याआधीच, गाडी उभी असताना, तो लावून घेते. सर्व्हिसिंगच्या वेळी मी दोनदा लेखी मागणी केली की स्टिअरिंगवर जे एक रिकामे, हवे ते काम नेमून देता येणारे बटण आहे त्याला डीफॉगर जोडून द्या. त्या बटणाला सध्या फोन, रेडिओ आणि नकाशा एवढीच कामे देता येतात, असे उत्तर मिळाले.

हीच गाडी पुन्हा घेईन का, असे लोकमान्यनगरातल्या एका मैत्रिणीने मागच्या महिन्यात विचारले. मी तिला माझ्या गाडीत बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि पंखा वाढवून दाखव म्हटले. तिचे बोट काचेवर फिरत राहिले. मग आम्ही दोघी शोरूममध्ये गेलो आणि त्याच गाडीचा दोन पायऱ्या खालचा, स्वस्त प्रकार पाहिला. त्यात पडदा लहान आहे, काळी पट्टी नाही आणि तिच्या जागी तीन गोल नॉब आहेत, खटक्यांसह. धोक्याच्या दिव्यांचे लाल त्रिकोणाचे बटण त्यांच्या वर, एकटे, उठून दिसणारे. तिने तोच घेतला. मीही तोच घ्यायला हवा होता.