आईची कोलेस्टेरॉलची गोळी आणि मिरजेतला ज्येष्ठांचा दवाखाना

माझी आई ८६ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिला मिरजेतल्या एका दवाखान्यात चार वेळा नेलं. तिथे फक्त ज्येष्ठांनाच तपासतात. सांगलीहून रिक्षा करून जावं लागतं, पहिल्या भेटीचे ८०० रुपये आहेत आणि तरीही मी ओळखीच्या प्रत्येकाला तिथे जा म्हणून सांगतेय. कारण एकच, कोलेस्टेरॉलची गोळी.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर झालं. आईचं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, १५२ आलं, रिपोर्टवर ठळक अक्षरात. तेव्हाच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी ॲटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, रोज रात्री एक. आईला कधी हार्ट ॲटॅक आलेला नाही, पक्षाघात नाही, मधुमेह नाही. रक्तदाबाची गोळी तेवढी चालू. मीही काही विचारलं नाही, स्ट्रिप संपली की दुसरी आणत राहिले. हळूहळू आई पूजा झाल्यावर पाटावरून उठताना देव्हाऱ्याची कड धरायला लागली. मांड्या भरून येतात म्हणायची. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

या दवाखान्यात नंबर लावतानाच सांगतात, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, रिकाम्या स्ट्रिपसकट. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली. नऊ प्रकारची औषधं निघाली, त्यात पित्ताची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांची. मग आईला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. तिला जमलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे न बघता थेट तिलाच विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करता यायला हवं?" आई म्हणाली, "माझी पूजा मला करता यावी, आणि उठताना कुणाला हाक मारायला लागू नये." दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

गोळीबद्दल ते जे बोलले ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. आईच्या गोळीसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात, आणि स्टॅटिनचा फायदा लगेच मिळत नाही. ५० ते ७५ वयाच्या, हृदयविकार नसलेल्या १०० जणांनी साधारण अडीच वर्षं गोळी घेतली, तर त्यातल्या एकाचा झटका किंवा तसा मोठा प्रसंग टळतो. आईने लगेच विचारलं, "आणि बाकीच्या ९९ जणांचं काय?" डॉक्टर म्हणाले, "त्यांना त्या काळात गोळीने फरक पडत नाही, आणि तो एक कोण हे आधी कळत नाही. म्हणून पन्नाशी-साठीच्या माणसाला मी घ्या म्हणतो. त्याच्यापुढे वीस-तीस वर्षं असतात, फायदा साठत जातो."

पण ८६ व्या वर्षी? वयस्करांवरचा मोठा अभ्यास २००२ चा, स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समधला. त्यात ५,८०४ माणसं होती, वय ७० ते ८२. झटके कमी झाले, पण सव्वातीन वर्षांत पक्षाघातात फरक पडला नाही. शिवाय ती माणसं एक तर रक्तवाहिन्यांच्या आजाराची होती, नाहीतर धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह असलेली. आई त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापेक्षाही मोठी. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ गटानेही २०२२ मध्ये हेच म्हटलं, की हृदयविकार नसलेल्या माणसाला ७६ नंतर नव्याने गोळी सुरू करावी की नाही हे सांगण्याइतका पुरावा नाही.

माझा भाऊ पुण्याला असतो. त्याने फ्रान्समधला २०१९ चा एक अभ्यास पाठवला होता. पंचाहत्तरीच्या, हृदयविकार नसलेल्या लोकांपैकी ज्यांनी स्टॅटिन सोडली, त्यांना हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या त्रासासाठी दवाखान्यात भरती व्हायचा धोका ३३ टक्के जास्त दिसला. मी भीत भीत तो फोनवर दाखवला. डॉक्टर अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "भावाची काळजी बरोबर आहे. पण गोळी कुणी सोडायची, कुणी चालू ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली ही चाचणी नाही. गोळ्या सोडणारी माणसं बरेचदा आधीच खंगलेली असतात, त्यामुळे दोष गोळी सोडण्याचा की तब्येतीचा, हे वेगळं काढणं अवघड असतं." मग आमच्यासमोरच भावाला फोन लावून त्यालाही समजावलं.

सीपीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासलं. ड कमी निघालं, बाकी ठीक. गोळी सहा आठवडे थांबवायची, व्यायाम शिकायचा, मग बघू, असं ठरलं. "दुखणं गोळीमुळेच आहे असं मी आज म्हणणार नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. सातव्या आठवड्यात आई देव्हाऱ्याला हात न लावता उठली. श्रेय गोळी थांबवण्याचं, व्यायामाचं की ड जीवनसत्त्वाचं, हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत, आणि त्यांचा हा खरेपणा मला फार मोलाचा वाटतो. गोळी पुन्हा सुरू केलेली नाही.

हे ऐकून माझे चुलतेही हट्टाने आले, माझीही बंद करा म्हणून. वय ८३, बायपास झालेली. त्यांना डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. आजार आधीच आहे त्यांचा हिशोब वेगळा, तिथे पंचाहत्तरीनंतरही गोळीचा उपयोग होतो. काकांना काही त्रासही नव्हता. उलट मध्यंतरी खोकल्यासाठी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, ते आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकत्र घेतलं तर स्नायूंना अपाय होऊ शकतो. ते दोन्ही नीट बघून कुठली गोळी किती दिवस थांबवायची हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं. आईचं बघून आपल्या घरातल्यांची गोळी परस्पर बंद करायला निघालेल्या मैत्रिणींना मी काकांचीच गोष्ट सांगते.

तक्रारीही आहेत. फोन दहा वेळा लावावा लागतो. वेळ ११ ची दिली तरी आत जायला साडेबारा होतात, कारण ते प्रत्येकाला पाऊण तास देतात. संडासात धरायला दांडी नाही, ज्येष्ठांच्या दवाखान्यात हे चालणार नाही, आणि मी तसं लेखी दिलंय. बाहेरचे बाक लोखंडी आणि फार खाली आहेत. मी घरून जाड उशी नेते. आई तिच्यावर बसते आणि नाव पुकारलं की आपली आपण उठते.