लोडवर (इंजिनवर ताण आला की) ठकठक आवाज होता, इंजिन न खोलता कारण सापडलं (आळेफाट्याजवळचं गॅरेज)

टोमॅटोच्या सीझनला माझी पिकअप नारायणगाव मार्केट ते कल्याण रोज चालते, 20 किलोचे 75 क्रेट म्हणजे दीड टन माल. मागच्या महिन्यात रिकामे क्रेट घेऊन परत येताना माळशेज चढत होतो, तिसऱ्या गिअरला रेस दाबली की बॉनेटखालून ठक ठक ठक आवाज, पाय काढला की बंद. दोन दिवसांनी माल भरल्यावर सपाट रस्त्यावरही यायला लागला. पोटात गोळाच आला खरं सांगतो, हप्ते चालू आहेत आणि सीझन तोंडावर.

आधी दुसऱ्या एका गॅरेजला नेली. तिथं बॉनेट उघडलं, दोनदा रेस मारली आणि पाच मिनिटात निकाल, कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा इंजिनातला दांडा) बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, 55 हजार धरून चाला. मी घाबरून हो म्हणणारच होतो, पण आमच्या गावातल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं आधी आळेफाट्याच्या पुढं ओतूर साईडला मामाकडं दाखव मग काय ते ठरव. तिथल्या मेकॅनिकला सगळे मामाच म्हणतात.

मामांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. म्हणाले, "दादा, लोडवर आवाज येतो ना, मग लोडवरच ऐकू," आणि शेजारी बसून चढाला गाडी चालवायला लावली. परत आल्यावर खाली शिरून प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) क्रॉस म्हणजे सांधे हातानं हलवून बघितले, पहारीनं इंजिन उचलून माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) बघितले, कारण रबर फाटलं तरी ताण आल्यावर इंजिन चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) आपटतं आणि माणूस समजतो इंजिन गेलं. दोन्ही ठीक होतं. मग ऑइल प्रेशरला गेज लावला, गरम इंजिनवर पण काटा नीट. ऑइल फिल्टर कापून आतला कागद पिळून उन्हात धरला, बेअरिंगचा चुरा असता तर चमकला असता, काही नव्हतं. इथंच माझा अर्धा जीव खाली आला.

पुढचं काम मात्र मी कुठंच बघितलं नव्हतं. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून एकेक सिलिंडर बंद करत रेस मारत गेले, तीन नंबर बंद केला की आवाज गायब. मी म्हटलं सापडलं, तर म्हणाले नाही, बेअरिंग गेलं असलं तरी तो सिलिंडर बंद केल्यावर आवाज कमी होतोच, एवढ्यावरून इंजिन खोलायचं नाही. मग तीन नंबरचा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) एक नंबरला आणि एकचा तीनला टाकला, खालचे तांब्याचे वायसर (वॉशर) नवीन घातले, दोघांचे कोड स्कॅनरमधून अदलाबदल केले (प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा कोड असतो, तो नाही टाकला तर गाडी धूर सोडते, झटके देते), आणि परत चढाला. आवाज एक नंबरला गेला होता! इंजेक्टरबरोबर आवाज गेला म्हणजे दोष इंजेक्टरचा, बेअरिंग काय जागा बदलत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ माझ्या कानाला लावून ऐकवलं मला, एक नंबरला हातोडी मारल्यासारखं कडक, बाकी तिघांना नुसती टिकटिक.

तो एकच इंजेक्टर पुण्याला टेस्ट बेंचवर (इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर) पाठवला. तिथून व्हिडिओ आला, नोझलमधून (इंजेक्टरच्या टोकातून) बारीक फवारा पडायच्या ऐवजी धार गळत होती. मामांचं म्हणणं असं डिझेल एकदम भडकतं, तोच ठोका. इंजेक्टर खराब का झाला बघायला डिझेल फिल्टरच्या खालचा नट सैल केला तर अर्धा ग्लास पाणी निघालं, मी कधी काढलंच नव्हतं. आता दर पंधरवड्याला काढतो.

एकूण खर्च 8,200, त्यात इंजेक्टर रिपेअर, ऑइल, दोन्ही फिल्टर आणि मजुरी आली. नवा इंजेक्टर घ्या असा आग्रह नाही, जुना फिल्टर आणि वायसर सगळे पिशवीत घालून हातात दिले.

त्रासाचं पण सांगतो. चार दिवस गाडी उभी होती, त्यात दोन दिवस इंजेक्टर यायची वाट. मामा काम करताना फोन उचलत नाहीत, बसायला जागा नाही, पत्र्याखाली दुपारी भाजून निघतं. बिल कागदावर लिहून देतात, कंपनी किंवा इन्शुरन्सला पक्कं बिल लागत असेल तर आधीच बोलून घ्या. आणि तिथं जाऊन कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) पाईप सैल करून बघा असं सांगू नका, जुन्या गाड्यांना चालायचं ते, इथं आत हजार बारच्या वर प्रेशर असतं, धार कातडीतून आत शिरते. एका पोरानं पाना उचलला तर मामा त्याच्यावर जे ओरडले ते मला आवडलं.

दुरुस्तीनंतर बारा खेपा झाल्या, परवा माल भरून ओतूरचा चढ चौथ्या गिअरला काढला, आवाज नाही. जायचं असेल तर सकाळी आठच्या आत गाडी गार असताना न्या, आणि जमलं तर थोडा माल भरूनच न्या, रिकाम्या गाडीला त्यांना आवाज शोधायला वेळ लागतो.