विषाणूमुक्त लसणाचं बेणं: दोन हंगामांनंतर

बेणं हातात आलं तेव्हा मन खट्टूच झालं. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत तुकड्यापासून वाढवलेल्या रोपांपासून निघालेली ही पहिली पिढी, म्हणजे हरभऱ्याहून जरा मोठ्या, बहुतेक एकाच पाकळीच्या गाठी. पहिल्या एक-दोन पिढ्या आकार धरण्यातच जातात, हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं.

शेजारी शेजारी दोन वाफे केले. एकात हे, दुसऱ्यात वर्षानुवर्षं राखलेलं घरचं बेणं. दुसऱ्या हंगामात फरक डोळ्यांत भरला. घरच्या लसणाची पात उन्हाकडे धरली की पिवळट रेघा दिसायच्या. नव्याची पात गडद हिरवी, रुंद, बोटांना टणक. त्या रेघा विषाणूंच्या होत्या, आणि खत कमी पडतंय समजून इतकी वर्षं मी युरिया टाकत आलो! लसणात पाकळीच लावायची असते, त्यामुळे आईला झालेला रोग लेकरात उतरतो आणि विषाणू साठत जातात.

प्रयोगशाळेत कोंबाच्या टोकाचा मिलिमीटरहून लहान तुकडा वाढवतात. तिथे रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात, म्हणून विषाणू सहसा पोचत नाही. सहसा! म्हणूनच प्रत्येक मातृरोपाची तपासणी लागते, आणि इथेच माझी तक्रार आहे. माझ्याकडच्या काही रोपांची पात पिळवटली. नमुना तपासून घेतला तर कोळी या बारीक किडीमार्फत पसरणारा विषाणू निघाला. बेण्यासोबतचा दाखला काढून पाहिला, तर तपासणी फक्त मावा या रस शोषणाऱ्या किडीमुळे पसरणाऱ्या दोन विषाणूंची. घेताना ‘कोणकोणते विषाणू तपासले’ हे विचाराच.

आणखी एक. विषाणूमुक्त म्हणजे रोगाला दाद न देणारं नव्हे. मावा पातीत सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत विषाणू सोडून जातो. फवारणीने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून नव्या बेण्याचा आणखी एक वाफा मी कांदा-लसणापासून लांब, 40 मेशच्या (इंचाला 40 छिद्रांच्या) जाळीत ठेवला. उघड्यावरच्या नव्या बेण्याच्या वाफ्यात हंगाम संपता संपता पुन्हा रेघा दिसू लागल्या, जाळीतला मात्र शेवटपर्यंत हिरवागार राहिला.

कोळी साठवणीतही पाकळ्यांवर तग धरतात, म्हणून जाळीतल्या गड्ड्या घरच्या बेण्याजवळ ठेवलेल्या नाहीत. उघड्या वाफ्यातल्या सगळ्या खाण्यासाठी काढल्या. पुढच्या लागवडीला फक्त जाळीतल्याच जातील, पण आधी त्यांचा नमुना तपासून घेईन.