रिपोर्टमधील ०.१ आणि माझे ६८,००० रुपये

बँकेतील ३२ वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांची कागदपत्रे तपासण्यातच माझे आयुष्य गेले, आणि तरीही निवृत्तीनंतर चार-पाच महिन्यांत मी ग्रोथ हार्मोनच्या नावाखाली ६८,००० रुपये घालवून बसलो. शरमेपोटी वर्षभर हे कोणाला सांगितले नव्हते. परंतु सकाळी फिरायला सोबत असणाऱ्या एका गृहस्थांनी तसलेच ‘पॅकेज’ घेण्याचा विचार बोलून दाखवला, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या कमरेचा घेर तेव्हा १०२ सेंटीमीटर होता. भारतीय पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरली जाते. वडील ५६व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, त्यामुळे पोट सुटणे ही माझ्या दृष्टीने केवळ दिसण्याची बाब कधीच नव्हती. हे सारे मी नाशिकमधील त्या ‘अँटी-एजिंग’ केंद्रात पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकले, आणि समोरच्या तरुणाला, ज्याच्या पांढऱ्या कोटावर नाव होते पण नोंदणी क्रमांक नव्हता, पुढे फारसे कष्ट पडले नाहीत.

सकाळी ११ वाजता माझे रक्त घेतले गेले. तिसऱ्या दिवशी त्याने रिपोर्टमधील ग्रोथ हार्मोनच्या ०.१ या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि म्हणाला, “काका, टाकी रिकामी आहे. म्हणूनच पोट वाढतंय.” त्याचा तळहात त्या वेळी शेजारच्या रकान्यावर होता. त्या रकान्यात सामान्य मर्यादा ‘३ पेक्षा कमी’ अशी छापलेली होती, म्हणजे माझा आकडा मर्यादेतच होता, हे मला कित्येक आठवड्यांनी दिसले. ग्रोथ हार्मोन हे संप्रेरक रक्तात सतत सारखे नसते. ते थांबून थांबून स्रवते, सर्वाधिक रात्रीच्या गाढ झोपेत, आणि दिवसा निरोगी माणसातही जवळजवळ शून्य येऊ शकते. खरी कमतरता ठरवायची तर ते जिथून स्रवते त्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला चेतवून ठरावीक अंतराने रक्ताचे अनेक नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्यावर निदान करणे म्हणजे मध्यरात्री बँकेच्या काउंटरवर कोणी नाही म्हणून बँक बुडाल्याचे जाहीर करण्यासारखे आहे.

त्याने दाखवलेले शोधनिबंध मात्र खोटे नव्हते, आणि मी फसलो ते तिथेच. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी पोट सुटलेल्या ३० पुरुषांना नऊ महिने हे संप्रेरक किंवा नुसते निष्क्रिय इंजेक्शन दिले होते, आणि संप्रेरक घेणाऱ्यांच्या पोटातील चरबी खरोखरच कमी झाली होती. त्याने जे वगळले ते असे, की उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम मंदावला होता. आणि हृदयविकाराचे झटके कमी होतात की नाही हे कळण्याइतका तो प्रयोग मोठाही नव्हता. शिवाय कार्यकारणाची उलटी बाजू त्याने सांगितलीच नाही: पोटातील चरबी वाढली की हे संप्रेरक कमी स्रवते, आणि वजन उतरले की स्राव बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. माझा आकडा खरोखर कमी असता, तरी दोष पोटाचाच असण्याची शक्यता अधिक होती.

आधी १८,००० रुपयांचा तोंडात मारायचा स्प्रे झाला. १९१ अमिनो आम्लांचे हे प्रथिन तोंडावाटे घेतले तर डाळीतील प्रथिनासारखे पचून जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. फरक पडेना म्हणून ५०,००० रुपयांची इंजेक्शने सुरू झाली. मे महिन्यात कुपी साध्या खोक्यातून कुरिअरने आल्या, बर्फाची पिशवीही नव्हती. खरे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते.

पाचव्या आठवड्यात लग्नातली अंगठी निघेना. साबण लावून, हात वर धरून पाहिले. शेवटी सोनाराकडून ती कापून घ्यावी लागली. रात्री हाताला मुंग्या येत, आणि पूर्वी ९८ असणारी उपाशीपोटीची साखर १३१ झाली. केंद्रात सांगितले, “औषध लागू पडतंय, काका.” मुलीने ऐकले नाही, ती मला संप्रेरकतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी कुपी मागितली आणि मोबाईलच्या उजेडात लेबल वाचायला लावले. उत्पादकाचा परवाना क्रमांक नव्हता, बॅच नव्हती, आणि तळाशी बारीक अक्षरांत छापले होते की हा पदार्थ फक्त संशोधनासाठी असून माणसांना देण्यासाठी नाही. आत नेमके काय होते ते त्याही सांगू शकल्या नाहीत. मात्र सूज, मुंग्या आणि वाढलेली साखर हे ग्रोथ हार्मोनचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत, आणि हृदयाच्या काळजीपोटी मधुमेहाच्या वाटेला लागणे हा उलटा व्यवहार आहे, असे त्या म्हणाल्या.

इंजेक्शने थांबवल्यावर सूज तीन आठवड्यांत उतरली, साखर हळूहळू १०४ वर आली. पैशांचे मात्र जमले नाही. पावती काढून पाहिली तर तिच्यावर औषधाचा उल्लेखच नव्हता. ‘आरोग्य सल्ला शुल्क’ एवढेच लिहिले होते. ती पावती मी स्वतः घडी घालून फाईलला लावली होती, न वाचता. उरलेल्या दोन कुपी आणि लाल गोलाचा तो रिपोर्ट अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रारीसह दिला आहे, आणि पोच घेताना या वेळी तिच्यावरची प्रत्येक ओळ वाचली.