‘डार्क’ की ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. मग घरात लावायचं काय?

जर्मन वेब मालिका ‘डार्क’ २०१७ ते २०२० मधली, तीन सीझन, २६ भाग. विंडेन गाव, अणुऊर्जा प्रकल्प, चार कुटुंबं आणि ३३ वर्षांच्या फेऱ्यात अडकलेला काळ. फोन बाजूला ठेवूनच पाहावी. कोण कुणाचं कोण, हे कागदावर मांडावं लागतं. लहान मुलांसमोर नकोच.

कोरियन मालिका ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ १६ भागांत संपते. दक्षिण कोरियाची श्रीमंत तरुणी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते, थेट उत्तर कोरियात पडते आणि तिथला लष्करी अधिकारी तिला लपवतो. प्रेमकथा गोड आहेच, पण मला खरा जीव लावला तो गावातल्या बायकांनी. त्या मिळून किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, घालतात तेव्हा आपल्या गल्लीत उन्हाळ्यात चालणारे ज्वारीचे बिबडेच (पापडासारखं वाळवण) आठवतात. मध्येच जाणारी वीज, शेजारणींच्या चौकशा, अडचणीला त्यांचंच धावून येणं, सगळं ओळखीचं. मध्ये उठून भाकरी टाकून आलं तरी धागा सुटत नाही.

आई-आजीसोबत पाहायची तर माझं मत कोरियनला. ‘डार्क’ची रचना मात्र विलक्षण आहे, ती एकट्यानं पाहा, आवाज मूळ जर्मनच ठेवा.