पहिली जुनी स्पोर्टी गाडी: फियाट पालिओ १.६ की स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस?

मुंबईत जुनी स्पोर्टी पेट्रोल गाडी पहिल्यांदाच घेताय? मग हा वाद ठरलेलाच. २००१ साली आलेल्या पालिओच्या १.६ला साधारण १०० हॉर्सपॉवर, २००४च्या ऑक्टाव्हिया आरएसला १५०, वर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. कागदावर प्रश्नच मिटला.

रस्त्यावर मात्र नाही. पालिओ आपल्या कुर्ल्यात बनायची, त्यामुळे तिची नस ओळखणारे जुने मेकॅनिक अजून सापडतात. स्टिअरिंग जड, पण चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळतं. पार्ट मात्र शोधावे लागतात, आणि अॅव्हरेज विचारूच नका. आरएस हायवेवर सुसाट. लोणावळ्याला जाऊन येताना माणूस पुन्हा लहान मूल होतो. पण टर्बोचे रबरी पाइप वयानं तडकतात, ठिणगी पाडणारे इग्निशन कॉइल दगा देतात आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो खर्च किमतीतूनच कापा.

दोन्हींत एक गोष्ट सारखी: मॅट उचला, खाली हात घाला. कार्पेट ओलसर, सीटच्या रेलवर गंज? गाडी पाण्यात बसलेली आहे, चला पुढे. आरसी बुकावर १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का, ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर, भरलाय का, तेही बघा. नाहीतर आरटीओच्या फेऱ्या तुमच्या नशिबी.

मी? पालिओ. पार्किंग सोसायटीत उघड्यावर आहे, आणि खिसाही तसाच.